लाल डाग निळा झाला तेव्हा: मराठी नाटक आणि सेन्सॉर

सिनेमाला सेन्सॉर असतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण महाराष्ट्रात नाटकालाही असतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. नाटकाची संहिता आधी 'रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळा'कडे द्यायची, मंडळाने ती वाचायची, हवी तिथे काटछाट सुचवायची आणि मग प्रमाणपत्र द्यायचं, अशी ही पद्धत. तिला आधार आहे तो १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचा. म्हणजे नाटक हा कायदा-सुव्यवस्थेचा विषय!

हा संशय इंग्रजांच्या काळापासूनचा आहे. बंगाली रंगभूमीवर सरकारची आणि सरकारधार्जिण्यांची टिंगल होऊ लागली, तेव्हा १८७६ मध्ये नाट्यप्रयोग कायदा आला. त्याची सर्वात गाजलेली मराठी शिकार म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध'. १९०७ साली रंगमंचावर आलेल्या या नाटकाची गोष्ट महाभारतातलीच: विराटाच्या दरबारात कीचक सैरंध्रीचा म्हणजे द्रौपदीचा छळ करतो, युधिष्ठिर सबुरीचा सल्ला देतो आणि शेवटी भीम कीचकाला मारतो. संहितेत कुठेही लॉर्ड कर्झनचं नाव नाही. पण खाडिलकर टिळकांचे 'केसरी'तले सहकारी. कीचक कोण, द्रौपदी कोण, मवाळ कोण आणि जहाल कोण, हे प्रेक्षकांना कुणी सांगावं लागलं नाही. १९१० मध्ये सरकारने बंदी घातली. गंमत अशी, की बंदी लिहिलेल्या शब्दांवर नव्हतीच, ती प्रेक्षकांना जे समजलं त्यावर होती.

'गिधाडे'तला डाग

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, तपासणी मात्र राहिली. विजय तेंडुलकरांचं 'गिधाडे' १९७० साली डॉ. श्रीराम लागूंच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आलं. पैशासाठी एकमेकांच्या जिवावर उठलेलं एक कुटुंब. त्यात भाऊ आपल्या गरोदर बहिणीच्या पोटात लाथ मारतात आणि तिचा गर्भपात होतो. तिच्या साडीवर रक्ताचा लाल डाग दिसतो. सेन्सॉरने हा डाग नको म्हटलं.

मग डाग निळा करण्यात आला. प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं जाई की सेन्सॉरच्या आक्षेपामुळे डाग निळा केला आहे, तो लाल समजावा.

आदेश पाळला गेला आणि त्याचं हसंही झालं. एरवी तो डाग काही क्षणांचा होता. आता नाटक सुरू होण्याआधीच सगळं नाट्यगृह त्याची वाट पाहत बसे. नियमाला नियमातच पकडण्याचं इतकं साधं उदाहरण मराठी रंगभूमीवर दुसरं सापडणं कठीण.

'सखाराम'ची कोर्टाची पायरी

पण प्रत्येक वेळी अशी युक्ती चालत नाही. १९७२ मध्ये तेंडुलकरांचंच 'सखाराम बाइंडर' आलं. दिग्दर्शक कमलाकर सारंग, सखारामच्या भूमिकेत निळू फुले, चंपाच्या भूमिकेत लालन सारंग. टाकून दिलेल्या बायकांना घरात ठेवणारा, शिव्या देणारा आणि लग्नसंस्थेवर तोंडसुख घेणारा सखाराम पाहून संस्कृतिरक्षक खवळले. मोजकेच प्रयोग झाले आणि सेन्सॉरने नाटक अडवलं. इथे रंग बदलून भागणार नव्हतं. सखारामची भाषा काढली तर सखारामच उरत नाही. सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्या लढ्यावर त्यांनी पुढे 'बाइंडरचे दिवस' हे पुस्तकही लिहिलं. नाटकवाल्या मंडळींनी ते जरूर वाचावं.

मग आज काय?

घटनेचं कलम १९(१)(अ) अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं, तर १९(२) त्यावर वाजवी निर्बंध घालू देतं. सिनेमाच्या बाबतीत ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये पूर्वतपासणी वैध ठरवली. सिनेमाचा मनावर होणारा परिणाम इतर कलांपेक्षा तीव्र असतो, हा त्यामागचा एक मुद्दा होता. नाटकाला हाच न्याय का लावायचा, हा प्रश्न मात्र उरतो. २०१६ मध्ये अमोल पालेकर यांनी नाटकांच्या या पूर्वतपासणीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. इंग्रजांचा १८७६ चा कायदा तर संसदेने आता रद्दही केला आहे.

कादंबरी छापण्याआधी ती कुणाला दाखवावी लागत नाही. तुमची पोस्टही लागत नाही. त्यात गुन्हा असेल तर खटला नंतर होतो. तीच वाक्यं रंगमंचावर एखाद्या नटाने म्हणायची असतील, तर मात्र ती आधी तपासून घ्यायची.