तीन वर्तमानपत्रे, एक मजकूर

२००९ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. मतदान १३ तारखेला होते. त्याच्या सहा दिवस आधी, ७ ऑक्टोबरला, तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या नेतृत्वाची थोरवी सांगणारा एक लेख ‘पुढारी’त आला. तोच लेख १० ऑक्टोबरला ‘लोकमत’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ या दोन्ही पत्रांत आला. ‘तोच’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या तीन पत्रांना एकाच माणसाविषयी एकाच आठवड्यात एकच वाक्यरचना सुचावी, हा योगायोग कोणत्याही वाङ्मयविचारात बसणारा नाही. पी. साईनाथ यांनी ३० नोव्हेंबर २००९ च्या ‘द हिंदू’मध्ये हे मजकूर शेजारी शेजारी ठेवून दाखवले, आणि ‘अशोक पर्व’ या नावाने निघालेल्या पुरवण्यांसह चव्हाणांच्या गौरवाची ४७ पूर्ण पाने आपल्यापाशी असल्याचे सांगितले. चव्हाणांनी निवडणूक खर्चाच्या हिशेबात वर्तमानपत्रांतील जाहिरातींपोटी ५,३७९ रुपये आणि केबल दूरचित्रवाणीवरील जाहिरातींपोटी ६,००० रुपये दाखवले होते. त्या वेळी उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा १० लाख रुपयांची होती.

या प्रकरणाची चर्चा पुढे राजकारणाच्या आणि कायद्याच्या अंगाने पुष्कळ झाली. मराठीच्या अभ्यासकाला मात्र तिचे दुसरे एक अंग महत्त्वाचे वाटावे. येथे पैशाची पावती कोणाला सापडली नव्हती, कोणी कबुलीजबाब दिलेला नव्हता. जे हाती होते ते निव्वळ पाठ होते. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या उपलब्ध प्रती पडताळून ग्रंथ शुद्ध केला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना शेकडो हस्तलिखिते अशीच समोरासमोर मांडली. या साऱ्या उद्योगाच्या मुळाशी एक साधे तत्त्व आहे : दोन प्रती शब्दशः जुळत असतील तर एक प्रत दुसरीवरून उतरलेली असते, नाहीतर दोन्ही एका तिसऱ्या मूळ प्रतीवरून उतरलेल्या असतात. प्रतिस्पर्धी पत्रांच्या बाबतीत पहिली शक्यता फार दुबळी. मग ती मूळ प्रत कोणी लिहिली आणि ती या पत्रांच्या कार्यालयांत कशी पोहोचली, हाच प्रश्न उरतो. संपादकांना हा प्रश्न गैरसोयीचा वाटला. आपल्या वर्गांत तो गेली शंभर वर्षे परीक्षेला येतो.

स्तुतीचे लेखन आपल्याला नवे नाही, हा आक्षेप येथे कोणी घेईल. बखरकार आणि शाहीर यांनीही धन्याचे गुणगान केलेच. परंतु त्यांनी धनी लपवला नाही. सभासदाने आपली बखर राजारामांच्या आज्ञेवरून लिहिली आणि तसे ग्रंथातच सांगून ठेवले. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले उदाहरण याहून बोलके आहे. मोताळा तालुक्यातील रोहिणखेड येथे १५९१ साली बुऱ्हाण निजामशाहाची फौज आणि जमालखानाची फौज यांच्यात लढाई झाली. जमालखान मारला गेला आणि अहमदनगरचे तख्त बुऱ्हाणाकडे आले. विजापूरच्या आदिलशाहीने या संघर्षात बुऱ्हाणाची बाजू घेतली होती. या घटनेचा वृत्तान्त आपण बहुतांशी ज्याच्या आधाराने सांगतो तो फेरिश्ता त्या काळी विजापूरच्याच आश्रयाला होता. म्हणजे लढाईत हितसंबंध असलेल्या एका दरबाराचा माणूस लढाईचा इतिहास लिहीत होता. पण त्याच्या ग्रंथाचे एक नावच ‘गुलशन-ए-इब्राहिमी’ आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाचे नाव त्याने ग्रंथाच्या माथ्यावर कोरून ठेवले आहे. त्यामुळे जमालखानाविषयी तो काय म्हणतो ते किती तोलून घ्यायचे, हे वाचकाला पहिल्या पानावरच कळते. २००९ च्या ‘बातमी’ने नेमके हे माथ्यावरचे नाव पुसले. जाहिरातीच्या चौकटीबाहेर पडताच तोच मजकूर प्रशस्तीचा वृत्तान्त होतो, आणि वाचक त्याला जी श्रद्धा देतो ती जाहिरातीला कधीच देत नाही. विकत घेतली गेली ती ही श्रद्धा. कागदावरची जागा स्वस्तच असते.

पत्रकारांच्या बोलीत या व्यवहाराला ‘पॅकेज’ म्हणत. सहलीच्या किंवा लग्नकार्याच्या धंद्यातला शब्द बातमीला लागला आणि कोणाला फारसे खटकले नाही, याचीही नोंद भाषेच्या इतिहासात व्हायला हवी.

पुढील घटनाक्रम त्रोटक सांगता येतो. भारतीय प्रेस कौन्सिलने परंजय गुहा ठाकुर्ता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. या दोघांनी २०१० मध्ये पत्रांची नावे घेऊन सविस्तर अहवाल दिला. कौन्सिलने तो तसा स्वीकारला नाही; ३० जुलै २०१० रोजी नावे गाळलेला संक्षिप्त अहवाल मान्य झाला. मूळ अहवाल कौन्सिलला अधिकृतपणे खुला करावा लागला तो केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर, २०११ मध्ये. पाठभेदांच्या अभ्यासकाला येथे आणखी एक जोडी मिळते, आणि या जोडीत वाचण्यासारखे असते ते गाळलेले. चव्हाणांविरुद्ध भोकर मतदारसंघातील पराभूत उमेदवार माधव किन्हाळकर यांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली होती. खर्चाच्या हिशेबाचा खरेखोटेपणा तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये दिला. जुलैमध्ये आयोगाने चव्हाणांना अपात्रतेबाबत नोटीस काढली; सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. चव्हाणांनी आरोप प्रथमपासून नाकारले होते. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना मात्र अशाच कारणावरून २०११ मध्ये आयोगाने अपात्र ठरवले होते.

मजकूर एकच असणे आणि उमेदवाराने त्याचे मोल देणे यांत अंतर आहे, आणि न्यायालयाला ते अंतर ओलांडणारा पुरावा लागतो. पाठचिकित्सा मूळ प्रतीपर्यंत नेते, दात्यापर्यंत नेत नाही. हे मान्य करूनही वाचकाने न्यायालयासारखे थांबून राहण्याचे कारण मला दिसत नाही. संशयितास दोषी ठरवणे हे त्याचे काम नाही. कोणता मजकूर बातमी म्हणून वाचायचा, एवढाच निवाडा त्याला करायचा आहे, आणि त्यासाठी तीन अंक पुरेसे होते.

या वादातून एक व्यवस्था मात्र उभी राहिली. निवडणूक आयोगाने जिल्हा आणि राज्य पातळीवर माध्यम प्रमाणन व सनियंत्रण समित्या नेमण्याचे ठरवले. जिल्ह्याच्या समितीत अधिकाऱ्यांबरोबर एका स्वतंत्र नागरिकाला अथवा पत्रकाराला जागा असते. संशयास्पद बातमी आढळली की तिची लांबी-रुंदी मोजायची, सरकारी जाहिरातदराने किंमत काढायची आणि ती उमेदवाराच्या खर्चात धरण्याविषयी विचारणा करायची, असे हे काम. ही मोजणी उपयुक्त आहे. तिला दिसते ते छापलेले.

न छापलेल्याचे काय, हा प्रश्न मराठीत २००९ पूर्वी कितीतरी आधी विचारला गेला होता. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्याच्या अग्रलेखात डॉ. आंबेडकरांनी मुंबई इलाख्यातील वृत्तपत्रांची पाहणीच मांडली आहे : बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहणारी, आणि बहिष्कृत समाजाच्या प्रश्नांना त्यांत पुरेशी जागा नाही. माध्यमांवर वाचकाने ठेवलेल्या पाळतीचा मराठीतला हा एक आद्य नमुना मानता येईल, आणि त्यात सेंटीमीटर मोजण्याची सोय नाही, कारण मोजायला मजकूरच नाही. १९४३ च्या जानेवारीत पुण्यात रानड्यांवर बोलताना त्यांनी पत्रकारिता हा व्यवसाय राहिला नसून धंदा झाल्याचे सांगितले आणि विभूतिपूजेत गुंतलेल्या वृत्तपत्रांवर कठोर टीका केली. ‘अशोक पर्व’च्या पुरवण्या चाळताना हे भाषण आठवतेच.

त्याच ‘मूकनायक’च्या जन्माच्या वेळी त्याची जाहिरात ‘केसरी’कडे पाठवली होती. ‘केसरी’ने ती छापली नाही. ती फुकट छापा असेही कोणी म्हटले नव्हते. पैसे द्यायची तयारी होती.