श्वानपथकाचा शिधा आणि स्वस्ताईचा हिशेब

सरकारी दप्तरात कुत्रा दोन ठिकाणी आढळतो. एक भटक्या कुत्र्यांच्या बंदोबस्ताच्या नस्तीत आणि दुसरा श्वानपथकाच्या खर्चाच्या नस्तीत. पहिलीवर वृत्तपत्रांत रकानेच्या रकाने लिहून येतात. दुसरीकडे सहसा कोणी पाहत नाही. वर्षातून एकदा शिध्याची निविदा निघते, न्यूनतम दर भरणाऱ्यास पुरवठ्याचा आदेश मिळतो आणि नस्ती कपाटात जाते. महाराष्ट्राबाहेरच्या माझ्या सेवाकाळात ही दुसरी नस्ती काही वेळा माझ्यापुढे आली. लेखा शाखेची टिपणी ठरलेली असे : दर किलोमागे अमुक पुरवठादाराचा दर सर्वांत कमी आहे, सबब मान्यता असावी. त्या 'दर किलोमागे' या शब्दांनी मला बरेच वाचावयास लावले. वाचता वाचता ध्यानात आले, की कामाच्या कुत्र्याला स्वस्तात काय खाऊ घालावे हा प्रश्न निदान दोनशे वर्षे जुना आहे. त्याची अनेक उत्तरे चुकली, आणि ती चुकल्याची साक्ष कुत्र्यांनीच दिली.

आपल्याकडील संघटित श्वानपथकांचा इतिहास फार जुना नाही. मद्रासच्या पोलिसांनी १९५१ साली पथक उभारले, मुंबईचे १९५९ साली आले. सैन्याने १९६०च्या सुमारास मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये श्वानप्रशिक्षण सुरू केले आणि सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय केंद्र १९७० साली टेकनपूरला स्थापन झाले. (ग्वाल्हेरकर मराठी वाचकांना टेकनपूर कोठे हे सांगावयास नको.) त्यापूर्वी कुत्रे कामाचे नव्हते असे नाही. मेंढरे राखणारे, शेत राखणारे, शिकारीला जाणारे कुत्रे या देशात शतकानुशतके आहेत. त्यांच्या शिध्याची नस्ती मात्र कधी उघडावी लागली नाही. धन्याच्या ताटात जे उरे ते त्यांचे, आणि जे न उरे ते त्यांनी स्वतः शोधावे, असा तो अलिखित नियम होता.

या नियमातील उत्तरार्ध महत्त्वाचा आहे. धनगराच्या वाड्यावरचे कुत्रे भाकरीवर जगते असे आपण म्हणतो. वस्तुतः ते भाकरी, ताक, मेंढी व्यायल्यावर पडलेली वार, शिवारातले उंदीर, एखादे मेलेले कोकरू, अशा सगळ्यावर जगते. भाकरी पोट भरते. उणीव शिवार भरून काढते. हेच कुत्रे पक्क्या कोठडीत बांधले आणि त्याला दोन वेळा मोजून भाकरी घातली, तर त्याचा आहार तोच राहिला असे कागदावर दिसेल. प्रत्यक्षात त्याच्यापुढचे शिवार आपण काढून घेतलेले असते. सरकारी श्वान हा असा बांधलेला जीव आहे. त्याच्या ताटात जे नाही ते त्याला कोठेच मिळणार नाही.

फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ फ्रान्स्वा माजांदी याने १८१६च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत हे प्रथम स्पष्ट झाले. निव्वळ साखर आणि पाणी यांवर ठेवलेली कुत्री काही आठवड्यांत मेली. शुद्ध गव्हाच्या पांढऱ्या पावावर ठेवलेले कुत्रे पन्नास दिवसांपलीकडे जगले नाही. सैनिकांना मिळणाऱ्या जाड्याभरड्या पावावर ठेवलेले मात्र ठणठणीत राहिले. महाग पाव नापास आणि शिध्याचा पाव उत्तीर्ण! पुढे पॅरिसच्या रुग्णालयांत गरिबांना हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचे स्वस्त सूप द्यावे की नाही, या वादावर नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८४१ साली आला. त्यातही साक्षीदार कुत्रीच होती आणि एकट्या जिलेटिनवर ती जगत नाहीत असा निर्वाळा मिळाला. या प्रयोगांतील क्रौर्य वाचवत नाही. पण त्यांनी दिलेले उत्तर आपण वापरतो, तेव्हा ते कोणाच्या जिवावर मिळाले हेही ठाऊक असावे.

याहून बोधप्रद हकिकत अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतली आहे. तेथे शिकारी कुत्र्यांना मक्याची भाकरी घालण्याचा प्रघात होता. मका स्वस्त, भाकरी भाजावयास सोपी, कुत्रे आवडीने खाते. या कुत्र्यांना एक चमत्कारिक रोग होई. तोंड येई, लाळ गळे, जीभ काळीनिळी पडे, जुलाब लागत आणि कुत्रे मरे. लोक त्याला 'काळी जीभ' म्हणत. त्याच प्रदेशात गिरणीकामगार आणि खंडकरी कुटुंबांत पेलाग्रा थैमान घालत होता : उन्हात उघड्या पडणाऱ्या कातडीवर चट्टे, जुलाब, बुद्धिभ्रंश आणि मृत्यू. १९१६ साली उत्तर कॅरोलायनातील स्पेन्सर नावाच्या पशुवैद्याने व्यावसायिक नियतकालिकात साधा प्रश्न विचारला, की काळी जीभ हा कुत्र्यांचा पेलाग्राच तर नव्हे? मांस, दूध, अंडी दिल्यावर कुत्री सुधारतात हे त्याने पाहिले होते.

सरकारी आरोग्यसेवेतील डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर १९१४पासून पेलाग्राच्या मागे लागला होता. रोग संसर्गाचा नसून दरिद्री आहाराचा आहे असे तो सांगे आणि ते दक्षिणेतील पुष्कळांना अपमानास्पद वाटे. स्वस्तातला प्रतिबंध शोधण्यासाठी त्याने काळ्या जिभेच्या कुत्र्यांवर एकेक पदार्थ पारखला. त्यातून मद्यनिर्मितीतील यीस्ट पुढे आले, थोडक्या पैशांत मिळणारे आणि चमचाभर पुरणारे. १९२७ साली मिसिसिपी नदीला महापूर आला, तेव्हा पूरग्रस्त भागात रेड क्रॉसने हे यीस्ट वाटले. गोल्डबर्गर १९२९ साली वारला. नेमके द्रव्य विस्कॉन्सिनच्या कॉनरॅड एल्व्हजेमने १९३७ साली दाखवले. निकोटिनिक आम्ल, म्हणजे आज ज्याला नायसिन म्हणतात ते, दिल्याबरोबर काळ्या जिभेचे कुत्रे बरे झाले आणि लवकरच माणसांचा पेलाग्राही त्यानेच बरा होऊ लागला. मक्यात नायसिन असते. पण ते अशा बांधलेल्या रूपात असते की शरीराला मिळत नाही. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याने ते मोकळे होते. युरोप-अमेरिकेने मका उचलला आणि चुना तेथेच ठेवला.

आता दख्खनकडे येऊ. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत (ती १९५८ साली कुन्नूरहून तेथे आली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली) डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक कोडे पडले होते. पेलाग्रा मका खाणाऱ्यांचा रोग मानला जाई. येथे तर ज्वारी खाणाऱ्या शेतमजुरांना तो होत होता. १९६० साली गोपालन आणि श्रीकांतिया यांनी ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याकडे बोट दाखवले. १९६५ साली ज्वारीप्रधान आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांना काळी जीभ झाल्याचे या प्रयोगशाळेने प्रसिद्ध केले. ल्युसिनचा सिद्धान्त पुढे सर्वांनीच स्वीकारला असे नाही. पण केवळ ज्वारीवर कुत्रे निरोगी राहत नाही, एवढे त्यातून उरतेच. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या आपल्या मनाला हे रुचत नाही. माझ्याही मनाला रुचले नाही. तथापि आपण भाकरी नुसती कधी खाल्ली? तिच्यासोबत डाळ होती, ताक होते, पालेभाजी होती. ज्यांच्या ताटात ती नव्हती त्या मजुरांना पेलाग्रा झाला. धनगराच्या कुत्र्याला ताकाने वाचवले असे मी म्हणतो ते या अर्थाने : दुधातील प्रथिनांत ट्रिप्टोफॅन असते आणि त्यापासून कुत्र्याचे शरीर नायसिन तयार करते.

यावरून धान्य हे कुत्र्याचे अन्नच नव्हे, असा उलटा निष्कर्ष काढणारेही आहेत. तो चुकीचा आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसले की पिष्ट पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात. माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षे बसल्याचा तो परिणाम आहे. शिजवलेला भात, भरडा, पोळी कुत्र्याला पचते. उलट निव्वळ मांसही पुरे पडत नाही. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी अल्प असल्याने वाढत्या पिलांची हाडे कमकुवत होतात. भात, डाळ, अंडी, थोडे यकृत, खाटकाकडचे स्वस्त अवयव आणि कॅल्शियमची पूर्ती, इतक्या साध्या वस्तूंतून चांगला शिधा बसतो. मात्र त्याचे प्रमाण पशुवैद्याने ठरवावे लागते आणि रोज कोणीतरी इमानाने रांधावे लागते. कांदा-लसणाच्या फोडणीचे उरलेले कालवण त्यात मिसळू नये. कांदा कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नासवतो. मेसमधून फुकट मिळते म्हणून ते घालण्याचा मोह फार असतो.

आपल्या देशातील सर्वांत दुःखद उदाहरण १९७४च्या अखेरचे आहे. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या आदिवासी भागांतील दोनशेहून अधिक गावांत कावीळ आणि जलोदर यांची साथ पसरली. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. संसर्गाच्या साथीत न बसणारी एक गोष्ट होती. घरचेच अन्न खाणाऱ्या राखणीच्या कुत्र्यांनाही तोच विकार होऊन तीही मरत होती. हैदराबादच्याच पोषण संस्थेतील कृष्णमाचारी आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली कारण मांडले. अवेळी पावसात भिजलेल्या आणि नीट न वाळवता साठवलेल्या मक्याला बुरशी लागली होती आणि तिच्यात अफ्लाटॉक्सिन हे यकृताचा नाश करणारे विष होते. दुष्काळाने गांजलेल्या लोकांपुढे दुसरे धान्य नव्हते. जिल्ह्याच्या दप्तरात माणसांचे मृत्यू नोंदवण्याची सोय होती, जनावरांचे नोंदवण्याचीही थोडीबहुत होती. कुत्र्यांसाठी तर रकानाच नव्हता. असा रकाना कोठे असता तर, हा विचार मला आजही सोडत नाही.

तयार खाद्याने प्रश्न मिटला असे समजण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बिस्किटांवर पोसलेल्या कुत्र्यांना अचानक झटके येत, ती वेड्यासारखी धावत सुटत. १९४६ साली ब्रिटनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी दाखवले, की पीठ पांढरे करण्यासाठी वापरलेल्या नायट्रोजन ट्रायक्लोराइड वायूचा हा परिणाम आहे. ते पीठ माणसेही खात होती. पुढील दहा वर्षांत ती प्रक्रिया बंद झाली. त्यानंतरचे २००७चे प्रकरण अनेकांना आठवत असेल. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळले होते, आणि अमेरिकेत कुत्री-मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. पुढच्याच वर्षी तेच मेलामाइन चीनमधील बालकांच्या दुधात सापडले. सुमारे तीन लाख बालके बाधित झाली.

ही भेसळ खपली त्याचे कारण निविदा काढणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. प्रचलित चाचणी प्रथिन मोजत नाही; नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनाचा अंदाज बांधते. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर. पिसे आणि चामड्याचा चुरा यांतही तो असतो. कुत्र्याला मात्र त्यातले फारसे पचत नाही. 'प्रथिने अमुक टक्के' एवढीच अट घातली, तर सर्वांत स्वस्त नायट्रोजन विकणारा जिंकतो.

म्हणून हिशेब किलोचा नसावा, दिवसाचा असावा. तीस किलो वजनाच्या, मध्यम श्रम करणाऱ्या श्वानाला सुमारे १६५० किलोकॅलरी लागतात असे धरू. समजा एका खाद्याचा दर १२० रुपये किलो आहे आणि त्यातून शंभर ग्रॅममागे ३०० किलोकॅलरी अंगी लागतात. श्वानाला ५५० ग्रॅम लागेल, दिवसाचे ६६ रुपये. दुसरे १५० रुपये किलोचे, पण ३७५ किलोकॅलरी देणारे. ते ४४० ग्रॅम पुरते, दिवसाचे ६६ रुपयेच. निविदेच्या तक्त्यात मात्र दुसरे पंचवीस टक्क्यांनी महाग दिसून बाद होते. शिवाय पहिल्याची विष्ठा अधिक, सफाई अधिक, आणि अधिक खाद्य न पचता पुढे गेल्याने श्वानाचे पोट बिघडण्याचा संभव अधिक. वास घेण्याचे काम करणारा श्वान पोट बिघडलेले असताना काय काम करणार?

याकरिता निविदेत घालण्याजोग्या अटी फार नाहीत : पूर्ण व संतुलित आहार असल्याचे प्रमाणन, घटकांची नावे, प्रति शंभर ग्रॅम ऊर्जा, अफ्लाटॉक्सिनचा तपासणी अहवाल, उत्पादनाची व मुदतीची तारीख, आणि दराची तुलना प्रति हजार किलोकॅलरी. सर्वांत आधी पंधरा दिवस थोड्या श्वानांवर खाद्य घालून पाहणे आणि हस्तकाचे मत लेखी घेणे. हस्तक बहुधा शिपाई दर्जाचा असतो, त्याचे मत समितीपुढे येत नाही; पण कुत्र्याची विष्ठा, केसांची चमक आणि बरगड्यांवर हात फिरवल्यावर लागणारे मांस यांविषयी त्याच्याइतके कोणास ठाऊक नसते.

राहता राहिली कोठी. १९०२ साली अंटार्क्टिकात दक्षिणेकडे निघालेल्या कॅप्टन स्कॉटने कुत्र्यांसाठी नॉर्वेचे सुके मासे नेले होते. अन्न उत्तम, पण उष्ण कटिबंधातून जाताना जहाजावर ते नासले. १९ कुत्र्यांपैकी एकही परत आला नाही. आपल्याकडे तर उष्ण कटिबंध वर्षभर घरीच असतो. पूर्वेकडच्या आणि किनारपट्टीच्या जिल्ह्यांत जून ते सप्टेंबर तीन महिन्यांचा साठा एकदम उचलू नये, दर महिन्याला उचलावा; पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत; फोडलेले पोते झाकणाच्या डब्यात रिकामे करावे. आणि ज्या पोत्याला कुबट वास येतो ते 'वाया जाऊ नये' म्हणून दुसऱ्या पोत्यात मिसळू नये.