टायमिंग बेल्ट कधी बदलायचा? एका दातेरी पट्ट्याचा इतिहास

गाडी असलेला माणूस कधी ना कधी विचारतोच, की टायमिंग बेल्ट कधी बदलायचा? आज आपण या प्रश्नाचाच इतिहास बघू. मोटारगाडीच्या मानाने हा प्रश्न बराच तरुण आहे.

आधी काम समजून घेऊ. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तेव्हा कॅमशाफ्टचा एक व्हायला हवा. तरच व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात आणि मिटतात. हा मेळ पूर्वी गिअर किंवा साखळी राखत असे. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी रोलर चेनचं पेटंट घेतलं ते १८८० मध्ये. पुढे तशीच साखळी मोटारीच्या इंजिनात गेली. ती तेलात चालते, झिजली की सैल पडते आणि खडखडते. आपल्याकडच्या जुन्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये साखळीच होती. मिस्त्री बॉनेट उघडून कान द्यायचा आणि निदान करायचा.

१९६२ च्या सुमाराला बव्हेरियातल्या डिंगोल्फिंगच्या ग्लास कंपनीने १००४ ही गाडी बाजारात आणली. एके काळी शेतीची पेरणीयंत्रं बनवणारी ही कंपनी! मोठ्या प्रमाणावर विकल्या गेलेल्या गाडीत रबरी दातेरी पट्टा प्रथम आला तो इथे. पट्टा हलका, स्वस्त, आवाज कमी, आणि तेलही नको. १९६९ च्या फियाट १२८ ने तोच मार्ग धरला. भारतात १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि बेल्ट घरोघरी पोचला.

इथेच खरा बदल झाला. साखळी बहुधा बोलून दाखवते; बेल्ट मात्र मुकाट्याने तुटतो. रबर किलोमीटरने झिजतं, तसंच उष्णतेने आणि वयानेही कडक होतं. ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात, तिथे बेल्ट तुटला की दोघांची टक्कर होते आणि इंजिन उघडावं लागतं. थोडक्यात, जिथे मिस्त्रीचा कान चालायचा, तिथे आता कंपनीचं पुस्तक आलं.

म्हणून उत्तरही पुस्तकातच शोधायचं. प्रत्येक इंजिनाचा आकडा वेगळा असतो. किलोमीटर आणि वर्षं, यांपैकी जे आधी भरेल ते धरायचं. कमी फिरणाऱ्या गाडीचे मालक नेमके वर्षं मोजायला विसरतात. जुनी गाडी घेतली आणि बेल्ट बदलल्याची नोंद नसली, तर तो बदललेला नाही असंच समजावं. त्याच वेळी टेन्शनर बदलावा, आणि वॉटर पंप त्याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही, म्हणजे तीच मजुरी दोनदा पडत नाही.

आणि साखळीवाले निश्चिंत का? तर नाही. तिला ठरलेली तारीख नसते, पण वेळेवर ऑइल बदललं नाही तर तीही ताणते. गाडी सुरू करताना पहिले काही सेकंद खडखड ऐकू आली, तर आपणही जुन्या मिस्त्रीसारखा कान द्यावा आणि गाडी दाखवून घ्यावी.