हजार यार्डांचा पल्ला

विंबल्डन हे नाव आज टेनिसमुळे सर्वांच्या परिचयाचे झाले आहे; परंतु लंडनजवळच्या त्या माळाला पहिली कीर्ती मिळाली ती बंदुकीमुळे. इंग्लंडमधील राष्ट्रीय रायफल संघटनेचा पहिला मेळावा २ जुलै १८६० रोजी तेथे भरला आणि पहिला बार खुद्द व्हिक्टोरिया राणीने उडविला. अर्थात राणीने बंदूक खांद्याला लावली नव्हती. व्हिटवर्थ यांच्या कारखान्यातील एक रायफल लोखंडी बैठकीवर घट्ट बसविलेली होती, नेम आधीच धरून ठेवलेला होता आणि घोड्याला एक रेशमी दोरी बांधलेली होती. राणीने ती दोरी ओढली आणि ४०० यार्डांवरील लक्ष्याच्या मध्यबिंदूपासून दोन इंचांच्या आत गोळी जाऊन बसली. दरबारी मंडळींनी टाळ्या वाजविल्या हे ओघानेच आले. परंतु त्या टाळ्यांचा खरा मानकरी ती बैठक होती. बंदूक हलली नाही, वारा बेताचा असला आणि अंतर अचूक ठाऊक असले, तर गोळी कोठे जाईल हे यंत्रशास्त्राने निश्चित करून ठेवले होते. प्रश्न उरला होता तो माणसाचा.

नेमबाजीला संघटित खेळाचे रूप याच सुमारास येऊ लागले. १८५९ साली फ्रान्सकडून आक्रमण होईल अशी भीती इंग्लंडमध्ये पसरली आणि गावोगावी स्वयंसेवकांची दले उभी राहिली. कारकून, वकील, दुकानदार अशा माणसांच्या हाती रायफली आल्या; त्यांना सराव हवा आणि सरावाला चुरस हवी, म्हणून ही संघटना निघाली. १८६२ साली इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात एल्को ढालीचा सामना सुरू झाला. त्याचे पल्ले ठरले ८००, ९०० आणि १,००० यार्ड. हे तीन आकडे पुढे दूर पल्ल्याच्या नेमबाजीची जणू व्याख्याच होऊन बसले. मराठी वाचकाला येथे एक गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. याच विंबल्डनच्या माळावर १८७१ पासून एक चषक कोल्हापूरच्या राजांच्या नावाने खेळला जाऊ लागला. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडचा प्रवास करून परत येत असता फ्लॉरेन्स येथे निधन पावले होते. ‘कोलापूर’ या मोडक्या उच्चाराने का होईना, बिस्ले येथील मैदानावर ते नाव अजून घेतले जाते. मात्र चषकाला आपल्याकडचे नाव मिळाले तरी बंदूक आपल्याकडील सामान्य माणसाच्या हाती आली नाही. १८७८ च्या शस्त्रकायद्याने ती वाट बंदच करून टाकली.

हजार यार्ड म्हणजे अर्ध्या मैलाहून काहीसे अधिक अंतर. इतक्या दूर उभा केलेला सहा फूट उंचीचा आणि बारा फूट रुंदीचा लोखंडी पत्रा हातभर अंतरावर धरलेल्या तांदळाच्या दाण्याहून मोठा दिसत नाही. काळ्या दारूच्या त्या काळात नळीतून सुटलेली शिशाची गोळी तेथे पोहोचण्यास सुमारे तीन सेकंद लागत. तीन सेकंद हा काळ ऐकण्यास क्षुल्लक वाटतो. पण तेवढ्यात पृथ्वी गोळीला सारखी खाली ओढीत असते. म्हणून नळी इतकी वर रोखावी लागे, की वाटेत गोळी नेमाच्या रेषेच्या तीस-पस्तीस फूट वर चढून मग खाली उतरे. अंतराच्या अंदाजात थोडी चूक झाली, दारू किंचित कमी भरली, हवा दमट झाली, की गोळी पत्र्याच्या अलीकडे तरी पडे, नाही तर डोक्यावरून तरी जाई. आणि वारा? आडवा वारा ताशी दहा मैलांचा असला तर गोळी दहा-बारा फूट बाजूला सरके. म्हणजे पत्र्याच्या मध्यावर धरलेला नेम पत्र्याबाहेर जाई. त्यातून वारा एका ठिकाणचा नसतो. नेमबाजाच्या गालाला लागणारा वारा निराळा, मैदानाच्या मध्यावरील गवत वाकविणारा निराळा आणि लक्ष्याजवळचे निशाण फडकविणारा त्याहून निराळा. या तिन्हींचा मेळ घालून, नेम किती सरकवावा हे ठरवून, पुढचा झोत येण्यापूर्वी घोडा दाबावयाचा, असा हा खेळ. यात तीक्ष्ण नजर आणि स्थिर हात ही तर भांडवलाची पहिली रक्कम झाली. खरा व्यवहार पुढेच.

आयर्लंडची कथा थोडी वेगळी आहे. स्वयंसेवकांची दले इंग्लंड-स्कॉटलंडात निघाली, पण आयरिश जनतेच्या हाती शस्त्रे देण्यास सरकार धजले नाही. तेथील रायफल संघटना म्हणून प्रामुख्याने सुखवस्तू गृहस्थांची राहिली. तिचा चालक आर्थर ब्लेनरहॅसेट लीच हा मोठा उत्साही मनुष्य होता. १८७३ साली आयरिश संघाने एल्को ढाल प्रथमच जिंकली आणि इंग्लंड-स्कॉटलंडला हरविल्यावर आता जगात कोण उरले, असा प्रश्न लीचपुढे पडला. उत्तर उघड होते. त्याने ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ या पत्रातून अमेरिकेतील नेमबाजांना जाहीर आव्हान दिले. अट एवढीच, की अमेरिकनांनी अमेरिकन बनावटीच्या आणि आयरिशांनी आयरिश बनावटीच्या रायफली वापराव्यात.

अमेरिकन माणूस जन्मतःच नेमबाज असतो, ही समजूत तेव्हा अमेरिकेत तर होतीच, पण युरोपातही होती. अरण्यात राहणारा, लांब नळीच्या बंदुकीने खार टिपणारा सरहद्दीवरचा वीर हा त्या राष्ट्राच्या पुराणातला नायकच होता. वस्तुस्थिती फार वेगळी होती. खार टिपली जाते पन्नास-शंभर यार्डांवर. यादवी युद्धात अधिकारी म्हणून लढलेला जॉर्ज विन्गेट हा न्यूयॉर्कचा वकील आपल्या शिपायांची नेमबाजी पाहून खंतावला होता. बंदूक भरावी कशी हे त्यांना शिकविलेले असे. मारावी कशी हे क्वचितच. म्हणून त्याने रायफल-सरावावर एक पद्धतशीर पुस्तक लिहिले आणि १८७१ साली आपल्या मित्रांसह अमेरिकेची राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन केली. लाँग आयलंडवर क्रीड नावाच्या कुटुंबाची शेतजमीन होती. सपाट, ओसाड, माळासारखी. ती घेऊन, राज्याच्या पैशाची जोड मिळवून, तेथे विंबल्डनच्या धर्तीवर मैदान तयार केले. त्याचे नाव पडले क्रीडमूर. मैदान उघडले जून १८७३ मध्ये. आयरिश आव्हान त्याच वर्षी आले, तेव्हा हजार यार्डांवर बंदूक चालविण्याचा अनुभव असलेली माणसे त्या क्लबात शोधूनही सापडती ना. एवढेच नव्हे, तर त्या पल्ल्याला साजेशी स्पर्धेची रायफलही अमेरिकेत तयार मिळत नव्हती.

तरी न्यूयॉर्कच्या अमॅच्युअर रायफल क्लबने आव्हान स्वीकारले. याला धाष्टर्य म्हणावे की अजाण उत्साह म्हणावा, हे सामन्याआधी सांगणे कठीण होते. देशभरातील नेमबाजांना निवडीसाठी बोलावणे गेले; पण पुराणातला तो अरण्यवीर काही पुढे आला नाही. उभे राहिले ते शहरी लोक. त्यांत गिल्डरस्लीव्ह हा वकील होता, पुढे तो न्यायाधीश झाला. हेपबर्न हा रेमिंग्टनच्या कारखान्यातला मुख्य कारागीर होता आणि सामन्यासाठी लागणाऱ्या रायफलीची आखणी त्यानेच केली. रेमिंग्टन आणि शार्प्स या दोन्ही कारखान्यांनी थोड्या महिन्यांत दूर पल्ल्याच्या रायफली घडविल्या. त्यांच्या दस्त्यावर उंच उभी राहणारी बारीक मापपट्टी होती. तिच्यावरून नेमाची उंची केसाइतकी वरखाली करता येई. पुढे नळीच्या टोकाशी माशीजवळ पाणसळ बसविलेली होती, कारण रायफल तसूभर कलली तरी हजार यार्डांवर त्याचे फूट होतात. दुर्बिणीला मज्जाव होता. वजन दहा पौंडांपेक्षा अधिक नसावे आणि घोडा तीन पौंडांहून कमी दाबाने सुटू नये, असेही नियम होते.

१८७४ चा उन्हाळा क्रीडमूरच्या मैदानावर सरावात गेला. निवड नावावर वा लौकिकावर झाली नाही. पुनःपुन्हा गोळ्या झाडून जमलेल्या गुणांवर झाली. विन्गेटच्या शिकवणीचा हाच गाभा होता. एक अप्रतिम बार हा योगायोग असू शकतो. पंधरा बारांची बेरीज खोटे बोलत नाही.

२६ सप्टेंबर १८७४ रोजी सामना झाला. प्रत्येक संघात सहा जण. प्रत्येकाने तिन्ही पल्ल्यांवरून पंधरा-पंधरा बार उडवावयाचे. मध्यचौकाला चार गुण, त्याबाहेरील भागाला तीन, उरलेल्या पत्र्याला दोन. न्यूयॉर्कहून आगगाड्या भरभरून हजारो माणसे आली. त्यांत अमेरिकेत स्थायिक झालेले आयरिशही पुष्कळ होते आणि कोणाचा जयजयकार करावा या पेचात त्यांतले अनेक सापडले असतील तर नवल नाही. आयरिशांच्या हाती रिग्बीच्या रायफली होत्या. त्यांचा कर्ता जॉन रिग्बी स्वतः संघात खेळत होता. त्या तोंडाकडून भरावयाच्या होत्या; दारू ओतून, गोळी गजाने दाबून बसवावयाची. मागून काडतूस घालून भरली जाणारी बंदूक युद्धाला सोयीची असेल, पण अचूकपणात ती हिला कधीच गाठणार नाही, असे युरोपातील जाणकारांचे ठाम मत होते. अमेरिकनांच्या रायफली मागून भरावयाच्या होत्या. म्हणजे सामना दोन संघांचा होता तसा दोन यंत्रांचाही होता.

८०० यार्डांवर अमेरिकनांनी ३२६ आणि आयरिशांनी ३१७ गुण मिळविले. नवशिक्यांनी आघाडी घेतली. पण जसजसा पल्ला वाढला तसतसा जुना अनुभव बोलू लागला. ९०० यार्डांवर आयरिश ३१२, अमेरिकन ३१०. हजार यार्डांवर आयरिश एकेक गुण मागे ओढीत राहिले. अमेरिकन संघातील फुल्टन उताणा निजून, पायांवर नळी टेकून बार काढीत असे. पाहणाऱ्याला हे आसन हास्यास्पद वाटे, पण दिवसभराच्या १८० गुणांपैकी १७१ त्याने मिळविले आणि दोन्ही संघांत त्याच्या जवळपासही कोणी आले नाही. आयरिशांचे बार संपले तेव्हा त्यांची बेरीज ९३१ झाली होती. अमेरिकनांची ९३० होती आणि एकच बार उरला होता.

तो बार कर्नल जॉन बोडाइन याचा. आपली पाळी येण्यापूर्वी त्याने तहान भागविण्यासाठी आल्याच्या पेयाची एक बाटली उघडली आणि ती हातातच फुटली. काचेने हात कापला, रक्त वाहू लागले. कोणी म्हणाले असतील, थांब. थांबणे मात्र शक्य नव्हते. त्याने हाताला रुमाल गुंडाळला, पालथा पडला आणि नेम धरला. गोळी पत्र्यावर कोठेही लागली तरी विजय होता; चुकली तर एका गुणाने पराभव होता. बार झाला, तीन सेकंद गेले, मग पत्र्याचा टणत्कार ऐकू येण्यास आणखी सुमारे तीन सेकंद. गोळी मध्यचौकात लागली होती. ९३४ विरुद्ध ९३१.

या विजयाला एक टोचणी आहे आणि ती लपविण्याचे कारण नाही. त्या दिवशी आयरिश संघातील मिल्नरने एक गोळी अगदी मध्यचौकात मारली. पण स्वतःच्या लक्ष्याच्या नव्हे, शेजारच्या. नियमाप्रमाणे तिला शून्य गुण मिळाले. ती आपल्या जागी लागती तर चार गुण वाढते आणि आयरिश एका गुणाने जिंकते. तेव्हा अमेरिकन पत्रांनी सरहद्दीवरच्या वीराच्या रक्ताचा जो जयघोष मांडला तो फोलच होता. जे वर्षभरापूर्वी या पल्ल्याला अनोळखी होते, ते जगातल्या उत्कृष्ट संघाच्या एका चुकलेल्या गोळीइतके जवळ येऊन पोहोचले, हे त्यांचे खरे यश. लीचने हे ओळखले असावे. त्याने न्यूयॉर्कच्या क्लबाला रुप्याचा एक चषक भेट दिला होता. तो ‘लीच चषक’ अमेरिकेत अजूनही खेळला जातो. मायदेशी परतल्यावर त्याने या दौऱ्यावर एक ग्रंथही लिहिला आणि त्यात कडवटपणा नाही.

पुढच्याच वर्षी अमेरिकन संघ डब्लिनजवळच्या डॉलीमाउंटला गेला आणि ९६७ विरुद्ध ९२९ असा निर्विवाद जिंकला. तोंडाकडून भरावयाच्या बंदुकीचा वाद तेथे संपला. १८७६ साली अमेरिकन स्वातंत्र्याच्या शतसांवत्सरिकानिमित्त क्रीडमूरवर अमेरिका, आयर्लंड, स्कॉटलंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया असे पाच संघ उतरले. त्या सामन्याच्या विजयचिन्हावर ‘पाल्मा’ असा शब्द कोरलेला होता. ते मूळ विजयचिन्ह विसाव्या शतकात गहाळ झाले. सामना मात्र ८००, ९०० आणि १,००० यार्डांवर आजही चालतो.

क्रीडमूरचे भाग्य फार काळ टिकले नाही. लोकांचा उत्साह ओसरला, राज्याने मदत आखडती घेतली, शेजारी वस्ती वाढली आणि १८९० नंतर सामने न्यू जर्सीतील सी गर्ट येथे गेले. ती जमीन सरकारकडे आली आणि १९१२ पासून तेथे मनोरुग्णांचे रुग्णालय आहे. २००७ साली दूर पल्ल्यासाठी काढलेल्या एका नव्या काडतुसाला क्रीडमूरचे नाव देण्यात आले आणि आज या खेळात नव्याने पाऊल टाकणाऱ्या अनेकांच्या हाती पहिल्याने तेच पडते. मैदानाची स्वतःची खूण मात्र न्यूयॉर्कच्या त्या भागातल्या रस्त्यांवरच शिल्लक आहे: एकाचे नाव विंचेस्टर, एकाचे मस्केट आणि एकाचे नुसते रेंज.