गर्भपाताचा कायदा आणि दवाखान्याची वाट

बेहरामजी मलबारी यांनीं १८८४ सालीं बालविवाह आणि सक्तीचें वैधव्य या विषयांवर टिपणें काढून देशांतील जाणत्या लोकांचे अभिप्राय मागविले. त्यांस उत्तर देतांना जोतीराव फुले यांनीं आपल्या पुण्यांतील बालहत्या प्रतिबंधक गृहाचा हिशेब थोडक्यांत दिला. १८६३ सालीं उघडलेल्या या गृहांत तोंवर ३५ गरोदर विधवा येऊन बाळंत झाल्या होत्या. परंतु त्यांच्या मुलांपैकीं ५ जगलीं आणि ३० दगावलीं. गर्भ लपविण्यासाठीं या स्त्रियांनीं आधींच विषारी औषधें घेतलीं असलीं पाहिजेत व त्यांची इजा पोटांतील जिवास झाली, असें कारण फुल्यांनीं दिलें आहे. गर्भपाताच्या कायद्याचा आपल्याकडील इतिहास पाहूं जातां हे आंकडे प्रथम ध्यानांत घ्यावे लागतात. कायदा काय म्हणत होता आणि स्त्रियांवर काय करण्याची पाळी येत होती, हें त्यांवरून एकदम कळतें.

कायदा त्या वेळीं अगदीं नवा होता. १८६० सालची भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आली. तिच्या ३१२ व्या कलमानें गर्भपात घडवून आणणारास तीन वर्षेंपर्यंत, आणि गर्भाची हालचाल जाणवूं लागल्यानंतर तो केल्यास सात वर्षेंपर्यंत कैद सांगितली. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही या कलमाखालीं गुन्हेगारच ठरे. सूट एकच होती : स्त्रीचा जीव वांचविण्यासाठीं शुद्ध हेतूनें केलेला गर्भपात. विधवाविवाहास १८५६ च्या कायद्यानें मान्यता मिळाली होती खरी. पण समाज तो होऊं देत नव्हता. ज्या पुरुषामुळें प्रसंग ओढवे तो नामानिराळा राही, आणि विधवेपुढें जडीबुटी, विहीर किंवा नवजात मुलाची हत्या एवढेच मार्ग उरत.

जोतीराव व सावित्रीबाई यांनीं या प्रश्नाचा विचार शिक्षेच्या बाजूनें केला नाहीं. विधवांनीं गुप्तपणें येऊन सुखरूप बाळंत व्हावें, मूल बरोबर न्यावें अगर तेथें ठेवावें, ही त्यांची खुशी, अशी जाहिरात त्यांनीं लावली. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनीं १८७४ सालीं दत्तक घेतला आणि पुढें तो डॉक्टर झाला. पंढरपुरासही १८७५ सालीं लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानें असेंच गृह निघालें. तथापि अशीं दारें अगदीं थोडीं होतीं. १८८१ सालीं सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेस बालहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली व ती पुढें कमी करण्यांत आली. त्या निमित्तानें स्त्रीजातीवर जी टीका सुरू झाली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांस जाब विचारला.

विसाव्या शतकांत या प्रश्नास दुसरी बाजू लाभली, ती म्हणजे नको असलेला गर्भ राहूंच न देणें. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें. त्यापायीं त्यांस नोकरी सोडावी लागली, आणि १९२७ पासून चालविलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापायीं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९३४ सालीं त्यांचें वकीलपत्र घेतलें. पुढें १९३८ सालीं आंबेडकरांच्या पक्षातर्फे मुंबई विधानसभेंत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव आला. तो फेटाळला गेला.

गर्भपाताच्या कलमास हात लागला तो स्वातंत्र्यानंतर. चोरट्या गर्भपातांत स्त्रिया दगावत आहेत ही डॉक्टरांची तक्रार वाढली, तेव्हां केंद्र सरकारनें १९६४ सालीं महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली. तिचा अहवाल १९६६ च्या अखेरीस आला, आणि त्यावरून झालेला वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ सालीं संमत होऊन १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. स्त्रीच्या जिवास धोका, तिच्या शारीरिक वा मानसिक प्रकृतीस गंभीर इजा, मुलांत मोठें व्यंग राहण्याची भीति, बलात्कार, आणि विवाहित दाम्पत्याचें संततिनियमनाचें साधन निष्फळ ठरणें, अशीं कारणें त्यानें मान्य केलीं. बारा आठवड्यांपर्यंत एका व वीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचें मत पुरे झालें. प्रौढ स्त्रीच्या एकटीच्या संमतीवर काम भागे. पतीची संमति कायद्यानें मागितली नाहीं.

मात्र या कायद्यानें स्त्रीच्या हातीं हक्क दिला नाहीं. डॉक्टरास संरक्षण दिलें. ३१२ वें कलम तसेंच राहिलें, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेंत त्याच शिक्षा ८८ व्या कलमांत कायम आहेत. अपवादाचें क्षेत्र तेवढें वाढत गेलें. २०२१ च्या दुरुस्तीनें वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टराचें मत पुरेसें मानलें, कांहीं वर्गांतील स्त्रियांसाठीं मर्यादा चोवीस आठवडे केली, आणि ‘पति’ या शब्दाच्या जागीं ‘जोडीदार’ हा शब्द घातला. सर्वोच्च न्यायालयानें २९ सप्टेंबर २०२२ रोजीं ही वाढीव मर्यादा अविवाहित स्त्रियांनाही खुली केली.

आतां प्रश्न उरतो तो दवाखान्यापर्यंत पोंचण्याचा. शासकीय किंवा मान्यताप्राप्त दवाखाना आणि शिकलेला डॉक्टर असल्याशिवाय कायद्यानें दिलेली मुभा कागदावरच राहते, आणि असे दवाखाने शहरांत अधिक व खेड्यांत थोडे आहेत. कायदा मागत नाहीं ती पतीची सही अनेक ठिकाणीं मागितली जाते. गर्भलिंगनिदानास महाराष्ट्रानें १९८८ सालीं व केंद्रानें १९९४ सालीं बंदी घातली, ती योग्यच होती. पण त्यामुळें सर्वच गर्भपात बेकायदा आहे असा समज पुष्कळांचा झाला. २०१८ सालीं ‘लॅन्सेट’च्या जागतिक आरोग्यविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१५ सालीं भारतांत सुमारें १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले; त्यांपैकीं शेंकडा २२ दवाखान्यांत झाले, शेंकडा ७३ दवाखान्याबाहेर गोळ्या घेऊन झाले, आणि शेंकडा ५ इतर, बहुधा धोक्याच्या, उपायांनीं झाले.

या गोळ्या फुल्यांच्या काळच्या विषारी औषधांहून पुष्कळच निर्धोक आहेत, आणि हा बदल लहान नव्हे. पण गोळी घेतल्यावर रक्तस्राव थांबला नाहीं तर जावयाचें कोठें, हें बहुसंख्य स्त्रियांस सांगणारें कोणी जवळ नसतें. घरच्या माणसांच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भीतीनें त्या कोणास विचारीतही नाहींत. १८६३ च्या जाहिरातींत गुप्तता आणि सुखरूपता या दोन गोष्टींचें आश्वासन होतें. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत त्या दोन्ही मिळतात कीं नाहीं, यावरूनच तेथील स्त्रीपुरता हा कायदा कितपत पोंचला तें ठरेल.