स्मृतिभ्रंशाच्या प्राथमिक चाळणी चाचण्या : इतिहास आणि भंडारा जिल्ह्याचा संदर्भ

बीजसंज्ञा : स्मृतिभ्रंश, चाळणी चाचणी, प्रमाणीकरण, निरक्षरता, झाडीबोली

प्रस्तावना :
‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण वार्धक्यातील विस्मरण स्वाभाविक मानणाऱ्या समाजमनाची साक्ष देते. या समजुतीमुळे स्मृतिभ्रंशाची प्रारंभिक लक्षणे कुटुंबात दुर्लक्षित राहतात. दहा मिनिटांत पूर्ण होणारी चाळणी चाचणी ही उणीव भरून काढू शकते. मात्र अशी चाचणी स्मरणशक्ती मोजते की शालेय शिक्षण, हा प्रश्न तिच्या प्रमाणीकरणाच्या मुळाशी आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा घेऊन भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

चाचणीचा उगम व मर्यादा :
१९७५ मध्ये अमेरिकेत फोलस्टीन दांपत्य व मॅकह्यू यांनी ३० गुणांची ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ ही चाचणी प्रसिद्ध केली. शंभरातून सात-सात वजा करणे, लिखित सूचना वाचून कृती करणे, एक वाक्य लिहिणे असे घटक तीत होते. शाळेत न गेलेल्या व्यक्तीचे गुण अशा घटकांमुळे आजार नसतानाही कमी होतात. उलटपक्षी, सुशिक्षित रुग्ण प्रारंभिक अवस्थेत पूर्ण गुणांच्या जवळ पोहोचतो आणि निदानातून निसटतो.

भारतीय रूपांतर :
या अडचणीवर हरियाणातील बल्लभगढ येथील भारत-अमेरिका संशोधन प्रकल्पात उत्तर शोधले गेले. मेरी गांगुली व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हिंदी रूपांतर प्रसिद्ध केले. त्यात लिखित सूचनेऐवजी परीक्षकाच्या कृतीचे अनुकरण आले आणि वाक्य लिहिण्याऐवजी घराविषयी काही सांगणे आले. याच प्रकल्पाच्या १९९८ मधील अहवालानुसार ५५ वर्षांवरील ५,१२६ व्यक्तींपैकी ७३.३ टक्के निरक्षर होत्या. रूपांतर म्हणजे केवळ भाषांतर नव्हे, हा या प्रयोगाचा धडा होय.

महाराष्ट्रात मुंबईतील २००१ च्या अभ्यासात ६५ वर्षांवरील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के, तर पुण्यातील २०१० च्या अभ्यासात ४.१ टक्के आढळले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार ६० वर्षांवरील ७.४ टक्के भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. वयोगट आणि चाचणीपद्धती भिन्न असल्याने या आकड्यांची थेट तुलना योग्य नाही. ‘रुग्ण किती?’ या प्रश्नाचे उत्तर ‘मोजले कशाने?’ यावर अवलंबून असते.

मराठीची उपेक्षा लक्षणीय आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा बोधात्मक चाचणीसंच प्रथम हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांत प्रमाणित झाला. ॲडनब्रुक चाचणीच्या २०२० मधील सात भाषांच्या भारतीय अभ्यासातही मराठी नव्हती.

भंडारा जिल्ह्याचा संदर्भ :
२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ व साक्षरता ८३.७६ टक्के आहे. परंतु ही सरासरी वृद्धांना लागू पडत नाही. आज ऐंशी वर्षांची असलेली स्त्री ज्या काळात बालपण घालवत होती, त्या १९५१ मध्ये देशातील स्त्री-साक्षरता अवघी ८.८६ टक्के होती.

दुसरा मुद्दा बोलीचा. जिल्ह्यात बोलल्या जाणाऱ्या झाडीबोलीत ‘ण’ऐवजी ‘न’ आणि ‘ळ’ऐवजी ‘र’ उच्चारला जातो. प्रमाण मराठीतील वाक्य जसेच्या तसे पुन्हा म्हणण्यास सांगितल्यास बोलीचा उच्चार ही चूक ठरण्याचा धोका आहे. इंग्रजी तारीख न सांगू शकणारा धान उत्पादक शेतकरी आषाढ कोणता आणि रोवणी केव्हा हे अचूक सांगत असेल, तर त्याचे कालभान हरपले असे म्हणता येणार नाही.

निष्कर्ष :
परक्या कसोटीने निरोगी निरक्षर वृद्धेवर आजाराचा शिक्का बसतो आणि निवृत्त शिक्षकाचा खरा आजार मात्र लपून राहतो. दोन्ही चुकांची किंमत कुटुंबाला मोजावी लागते. म्हणून झाडीबोली भाषकांमध्ये, साक्षर व निरक्षर गटांसाठी स्वतंत्र गुणमर्यादा ठरवून आणि तज्ज्ञांच्या स्वतंत्र निदानाशी पडताळून चाचणीचे प्रमाणीकरण होणे आवश्यक आहे. या कार्यात वैद्यकशास्त्राला मानसशास्त्र, संख्याशास्त्र व मराठी या विभागांची जोड हवी. जिल्ह्यातील महाविद्यालयांना हे आंतरविद्याशाखीय कार्य निश्चितच हाती घेता येईल.