कुलूप लावलेलं पाणी



या वेळचा लेख पाण्याच्या आणि विजेच्या बिलावर आहे. सुरुवात मात्र वाळवंटापासून करतो, कारण बिल कसं वाचावं हे मला तिथं कळलं.

2002 सालचा उन्हाळा. डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला, ऑपरेशन पराक्रम सुरू झालं आणि आमची पलटण जैसलमेर जिल्ह्यात सीमेजवळ तंबू ठोकून बसली. ती ऑक्टोबर 2002 पर्यंत तिथंच होती. त्या वर्षी पावसानं देशभर दगा दिला आणि राजस्थानची अवस्था सर्वांत वाईट झाली. आम्हाला पाणी बाऊझरनं यायचं, माणशी मोजून. दाढीचं पाणी उरलं तर त्यातच मोजे धुवायचे.

एके दिवशी बाऊझर वाळूत रुतला. मी आणि दोन जवान जवळच्या ढाणीवर गेलो. ढाणी म्हणजे चार-पाच घरांची वस्ती. अंगणात जमिनीलगत एक गोल चुनेगच्ची ओटा, त्याला लोखंडी झाकण आणि झाकणाला कुलूप. घरातले बासा, म्हणजे आजोबा, बाहेर आले. खोलीचं दार सताड उघडं, आत ट्रंका, भांडीकुंडी, सगळं दिसत होतं. कुलूप फक्त पाण्याला. त्यांनी कमरेची किल्ली काढली, पोहरा सोडला आणि आमच्या तिन्ही बाटल्या भरून दिल्या. बाटलीबाहेर दोन थेंब सांडले, तर म्हातारबा माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघत राहिले. तूप सांडलं तर चालेल, पाणी सांडलं तर जीव जळतो, अशा अर्थाची एक म्हण तिकडं आहे. तिचा अर्थ मला त्या नजरेत कळला. मी मूळचा माण तालुक्यातला, दुष्काळ मला नवा नव्हता. पण दुष्काळात घरात साठवलेलं पाणी मी पहिल्यांदा बघत होतो.

त्या ओट्याला तिकडं टांका म्हणतात. जोधपूरच्या राजा सूरसिंहानं 1607 साली एका गावात बांधलेला टांका हा पश्चिम राजस्थानातला सर्वांत जुना नोंदलेला टांका मानतात. रीत त्याहून जुनी असणार. जमिनीत गोल खड्डा, आतून चुन्याचा गिलावा, वर झाकण. भोवतीची जमीन टांक्याच्या दिशेनं उतरती करून चोपून घट्ट केलेली असते, ती आगोर. पाऊस पडायच्या आधी आगोर झाडून काढायचं. तिथं चपला घालून जायचं नाही, जनावर बांधायचं नाही. पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडायचं, त्यात वर्षभराची धूळ असते. पाणी आत जायच्या भोकाला जाळी, म्हणजे पाला आणि साप आत जात नाहीत. शहरातल्या हवेल्यांत हेच काम गच्ची करते. गच्चीचं पाणी पन्हळीतून घराखालच्या टांक्यात उतरतं.

संवत 1956 चा, म्हणजे इसवी सन 1899-1900 चा दुष्काळ तिकडं ‘छप्पनिया काळ’ म्हणून अजून बोलण्यात आहे. बासांनी तो पाहिला नव्हता, पण त्यांच्या आजोबांनी पाहिला होता. कुलूप तिथून आलं, असं ते म्हणाले.

आता जरा हिशोब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. जैसलमेरला वर्षाला साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाऊस होतो. दोनशे धरला आणि पाचवा हिस्सा उडून-वाहून गेला असं मानलं, तरी पंधरा हजार लिटर हाती राहतं. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज चाळीस लिटर लागलं, तर हे पाणी वर्षभर पुरतं. देशातल्या सर्वांत कोरड्या जिल्ह्यांपैकी एकात एका गच्चीवर घराचं वर्ष निघतं. बंकरमध्ये बसून मी वहीत हा गुणाकार तीनदा केला. चूक सापडली नाही.

पाण्याचं झालं, तशीच गंमत उष्णतेची. दुपारी तंबूत पंचेचाळीसच्या वर पारा जायचा. सुट्टीच्या दिवशी जैसलमेर शहरात गेलो की गल्लीत शिरताच बरं वाटायचं. गल्ल्या मुद्दाम अरुंद, समोरासमोरची घरं एकमेकांवर सावली धरतात. पिवळ्या दगडाच्या जाड भिंती दिवसभर ऊन आत पोहोचू देत नाहीत. जाळीतून वारा येतो, ऊन अडतं. मधल्या चौकातून गरम हवा वर निघून जाते. हे शहर 1156 साली रावळ जैसलनं वसवलं. तेव्हा विजेचं बिल नव्हतं, म्हणून गारवा बांधकामातच घालावा लागला. आपल्या फौजेलाही ही अक्कल होतीच. जुन्या लोकांना छागळ आठवत असेल, गाडीच्या आरशाला टांगलेली जाड कापडाची पिशवी. कापड पाझरतं, वारा लागतो, पाणी गार होतं. वाळ्याचे पडदे ओले करून दाराला लावायचे, तोही तोच प्रकार. यातल्या कशालाच तार लागत नव्हती.

मग नळ आला. राजस्थान कालव्याची पायाभरणी 1958 साली झाली. पंजाबातल्या हरिकेपासून निघालेलं हे पाणी सुमारे साडेसहाशे किलोमीटर चालून 1987 च्या सुरुवातीला जैसलमेर जिल्ह्यात टोकाला पोहोचलं. आज त्याला इंदिरा गांधी कालवा म्हणतात. त्या कालव्यानं लाखो माणसांचं जगणं बदललं. डोक्यावर घागर घेऊन मैलोन्‌मैल चालणारी बाई घरी बसू शकली, हे कुणी नाकारू नये. पण चढावरच्या गावांना तेच पाणी पंपानं उचलून द्यावं लागतं, आणि पंप विजेवर चालतो. म्हणजे नळाच्या पाण्यात वीज विरघळलेली असते. एक बिल वाढलं की दुसरं वाढतं.

नळ आल्यावर कित्येक घरांचे टांके बुजले. काहींनी त्यात अडगळ भरली. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर दुरुस्तीसाठी कालवा बंद ठेवतात, त्याला तिकडं नहरबंदी म्हणतात. त्या दिवसांत ज्याचा टांका शाबूत, तो निवांत. बाकीचे टँकरवाल्याला फोन लावतात.

आता आपल्याकडे या. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुटली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, जवळपास साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास. त्या वाघिणी धुऊन तयार होऊन आल्या राजस्थानातल्या कोट्याहून. लातूरची पावसाची सरासरी सातशे मिलिमीटरच्या वर आहे, जैसलमेरच्या तिप्पट-चौपट. लागोपाठ दुष्काळ पडले होते हे खरं. तरी तो फोटो पेपरात पाहिला तेव्हा मला बासांच्या कमरेची किल्ली आठवली.

आणि हे शहाणपण परक्याचं नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आज्ञापत्र लिहिलं. त्यात किल्ला बांधताना आधी पाणी बघा, नसेल तर खडक फोडून टाकी करा, एका झऱ्यावर विसंबू नका आणि राखीव पाणी खर्चू नका, असं बजावलं आहे. आपण गडावर जातो, टाक्यापाशी फोटो काढतो आणि घरी येऊन बोअर मारतो.

मीही तेच करणार होतो. निवृत्तीनंतर 2011 मध्ये गावी घर बांधायला काढलं. भावानं साडेचारशे फुटांचा बोअर मारला होता, त्यावर दोन्ही घरं चालतील असं ठरलं. मी गच्चीच्या पाण्यासाठी जमिनीखाली टाकी काढली, तेरा फूट लांब, आठ फूट रुंद, सात फूट खोल, म्हणजे वीस हजार लिटरची. खर्चाचा आकडा ऐकून घरात आठवडाभर अबोला. शेवटी सौ. म्हणाली, “अहो, राजस्थानचं राजस्थानात ठेवा. पेन्शनीचे पैसे जमिनीत कशाला पुरताय?”

मी तिला वही दाखवली. माणला साडेचारशे मिलिमीटर पाऊस धरला तरी तेवढ्याच गच्चीवर तेहतीस हजार लिटर येतं. तिनं वही बघितली नाही. म्हणाली, “तुम्ही तिकडं दुसऱ्यांच्या पाण्याचा हिशोब मांडत होता, तेव्हा मी आणि आत्याबाई रात्री दोन वाजता टँकरच्या रांगेत उभ्या असायचो. पत्रात लिहिलं नाही, एवढंच.”

त्याच 2002-03 सालची गोष्ट. मला ठाऊकच नव्हतं. मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी गवंड्याला तिनंच सांगितलं, खड्डा सात फुटांपेक्षा कमी घेऊ नको.

2013 च्या उन्हाळ्यात बोअरनं हवा फेकायला सुरुवात केली. आमच्या टाकीत तेव्हा चार फूट पाणी होतं, ते दोन्ही घरांनी पिण्यापुरतं वापरलं. बोअर चालू असतो तेव्हाही फरक पडतो. हजार लिटर पाणी साडेचारशे फुटांवरून वर ओढायला साधारण एक युनिट जातं. तेच जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवर चढवायला त्याचा दहावा हिस्सा.

विजेचा खरा चोर मात्र गीझर निघाला. वीस लिटरची बादली तीस अंशांनी तापवायला पाऊण युनिटच्या आसपास लागतं. चार माणसं, महिना, करा गुणाकार: ऐंशी-नव्वद युनिट नुसत्या आंघोळीचे. गच्चीवर सौर बंब बसवला, पावसाळ्यात आईचा जुना पितळी बंब. गच्चीला चुना मारला, पश्चिमेच्या भिंतीला वेल चढवली. एवढंच.

नोकरीतल्या पोरांना एक सांगतो. क्वार्टरमध्ये आहात तोवर पाणी-विजेचं मोल नीट कळत नाही. सुट्टीत येऊन घराचा नकाशा काढाल तेव्हा टाइल्सच्या आधी दोन प्रश्न विचारा: गच्चीचं पाणी कुठं जातं आणि दुपारचं ऊन कुठून येतं. आणि हे आधी घरच्या बाईला विचारा, पाण्याच्या रांगेत कोण उभं राहिलंय ते तिला माहीत असतं.

आमच्या टाकीला झाकण आहे, झाकणाला कुलूप आहे. किल्ली सौ.च्या कमरेला असते.